गुळानं चिकटवलेला कौल

हमीदा,

नातवंडांबरोबर पत्ते खेळताना मी लबाडी करते, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. राजा पदराखाली जातो, एक्का मांडीखालून निघतो. धाकटी नात तर डाव मांडायच्या आधी माझा पदर झटकून बघते. ती हसते, मीही हसते. तुला सांगितलं असतं तर तूही हसली असतीस, आणि मग हसू संपल्यावरही माझ्याकडं बघत राहिली असतीस, पापणी न हलवता. तुझं ते बघणं मी एकवीस वर्षं चुकवत आले.

आता तू गेलीस. चुकवायचं कारण उरलं नाही, म्हणून सांगते. वेंगुर्ल्याचं बेट की नेत्राणीचं, हा कौल देवीनं दिला नव्हता. तो मी दिला होता. कळीच्या बुडाला गूळ लावून.

झालं. दोन ओळींचं काम होतं. तेवढ्या दोन ओळी तोंडातून निघाल्या नाहीत आणि तू माझी वाट बघून बघून निघून गेलीस. की वाट बघत नव्हतीसच? ते मला नक्की माहीत नाही, आणि तीच तर बोच आहे. आता पहिल्यापासून सांगते. तुला सगळं पाठ आहे, पण मंडळातल्या बायकांना ही गोष्ट मी शंभर वेळा तरी सांगितली असेन, आणि दर वेळी सजवून. एकदा तरी ती बिनसजवलेली सांगू दे.

तुझी माझी ओळख खळीच्या वासात झाली. बिंदू चौकाजवळच्या बोळात तुझ्या अब्बांचं पुस्तकं बांधायचं दुकान. मी सासूबाईंची पोथी बांधायला घेऊन आले होते. तू कोपऱ्यात मांडी घालून बसलेली, कोपरापर्यंत हात खळीनं माखलेले, आणि पुढ्यात एक भलंमोठं इंग्रजी पुस्तक उघडं. कुठल्याशा कॉलेजच्या ग्रंथालयातून बांधणीला आलेलं. पानोपानी रंगीत पाखरं. मी पोथी पुढं केली, तर वरही न बघता तू म्हणालीस,

"अक्का, इंग्रजी येतंय?"

ना ओळख, ना पाळख. पण मॅट्रिक झालेल्या बाईला असं कुणी विचारायचीच खोटी असते. मी फुगून म्हटलं, "येतंय की."

"मग ह्ये काय लिवलंय, वाच."

मी वाचलं. चिमणीपेक्षाही लहान, काळपट रंगाचं पाखरू. पाकोळी. समुद्रातल्या बेटांवरच्या गुहांत राहतं आणि आपल्या थुंकीनं घरटं बांधतं. थुंकी वाळते, कडक होते आणि घरटं कातळाला चिकटून राहतं.

तू आधी चित्राकडं बघितलंस, मग आपल्या हातांवरच्या खळीकडं. म्हणालीस, "म्हंजी आपल्याच धंद्यातली हाय की गं ही."

ते पुस्तक परत जायच्या आत सगळं वाचून काढायचं असं आपण ठरवलं. रोज दुपारी मी यायची, तू शिवत असायचीस आणि मी वाचून त्याचं मराठी करून सांगायची. अडलं तिथं मी मनचं घालायची. बगळ्याच्या संसारातल्या निम्म्या गोष्टी माझ्या होत्या, आज कबूल करते. ग्रंथालयाचा शिपाई तगाद्याला आला की अब्बा म्हणायचे, "पुठ्ठा वाळंना झालाय हो." दीड महिना त्या माणसानं लेकीसाठी पुठ्ठा वाळू दिला नाही.

मग आपलं फिरणं सुरू झालं. आठ बायकांचं मंडळ, पुढारीण अर्थातच मी. चाळिशीला टेकलेली, गळ्यात सासऱ्यांची शिकारीची दुर्बीण, पायात नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट. त्या वेळची मी आज रस्त्यात भेटले, तर मीच तिला ओळख देणार नाही. चालायची अशी, जणू पन्हाळा हिनंच बांधलाय. कळंब्याच्या तळ्यावरची ती सकाळ आठवते? आपण पाणकोंबड्या बघत होतो आणि पलीकडं तुरुंगाची भिंत. पहाऱ्यावरचा शिपाई तरातरा आला.

"ओ बाई! दुर्बीण कुनीकडं लावलीया? आत कोन पावनं हाईत काय तुमचं?"

पुढारीणबाई कुठं होत्या? शालनच्या मागं. शालन म्हणजे पिठाच्या गिरणीची मालकीण, अंगानं माझ्या दुप्पट, आडोशाला सोयीची. तू मात्र जागची हलली नाहीस. "आमचं पावनं भायेरच हाईत की. त्ये बघा, लव्हाळ्यात. या हिकडं, लावा डोळ्याला." त्या शिपायानं दुर्बीण घेतली ती अर्धा तास सोडली नाही. पहारा गेला तुरुंगात! आणि पुढच्या हळदीकुंकवात मी काय सांगितलं? "मी त्या शिपायाला असं सुनावलं म्हणता!" तू शेजारीच बसली होतीस. डाळ खात राहिलीस.

तेव्हाच मला कळायला हवं होतं, की माझी सवय कुठवर जाणार आहे आणि तुझी कुठवर.

दोन बेटांची गोष्ट निघाली ती अब्बा गेल्यावर. दुकान मोडणार होतं. तुझ्या भावाला, दस्तगीरभाईला, इचलकरंजीत मागावर काम मिळालं होतं, वहिनी सतत आजारी, चार पोरं तुझ्याच अंगावर. उन्हाळ्यात बिऱ्हाड हलणार होतं. दस्तगीरभाई म्हणाला होता, "एकदा जाऊन ये लांब कुठंबी. मागनं नाव काढायचं न्हाई." तू हे मंडळात कुणाला सांगितलं नाहीस. फक्त मला सांगितलंस. रंकाळ्याच्या कट्ट्यावर, शेंगा फोडत. "अक्का, मला दोन बघायला मिळायची न्हाईत. एकच. पाकोळीचं दाव."

म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. माझ्या डोळ्यांवर झापड नव्हती, गैरसमज नव्हता. मला सगळं माहीत होतं.

पाकोळ्या होत्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर, भर समुद्रात, दीपगृहाच्या बाजूला. आधी मीच सगळ्यांत उड्या मारत होते, चला चला म्हणून. मग शालनचा भाऊ आला. तो वेंगुर्ल्याच्या बंदरात कारकून. चहा पिता पिता त्यानं शांतपणे सांगितलं, "तिथं धक्काबिक्का काय नाही. नाव खडकाला लागत नाही. लाट वर आली की नावेतून खडकावर उडी मारायची. लाट खाली गेली असताना मारायची नाही."

"मारली तर?" मी विचारलं.

"मारायची नाही," तो म्हणाला आणि बिस्कीट बुडवलं.

हमीदा, मला पाण्याची भीती वाटते. अजून वाटते. रंकाळ्याच्या पायऱ्यांवर तिसऱ्या पायरीखाली मी जन्मात उतरले नाही, आणि मंडळात सांगत फिरायची, "समुद्र म्हणजे काय गं, मोठा रंकाळा!" त्या चहानंतर चार दिवस मला खडक दिसत होता, लाट दिसत होती, आणि मधल्या फटीत नऊवारीचा काष्टा मारलेली पुढारीण. मला भीती वाटते एवढं म्हटलं असतं तर तू हसली असतीस आणि माझा हात धरला असतास. पण ते म्हणणं म्हणजे गळ्यातली दुर्बीण काढून ठेवणं. ते माझ्यानं होईना.

मग मला एकाएकी नेत्राणीचा पुळका आला. भटकळच्या मामेबहिणीचं पत्र आधीच आलं होतं. मुरुडेश्वरासमोर बेट आहे, कड्यावर समुद्रगरुडाची घरटी आहेत, लोक नवसाचे बोकड बेटावर नेऊन सोडतात. त्यातलं बोकडांचं वाक्य वाचून माझा जीव भांड्यात पडला. जिथं बोकड उतरतो तिथं मी उतरणार नाही? केवढी हुशार बाई! बोकड उडी मारतो हे मला सुचलंच नाही.

मी घरोघर जाऊन गरुडाची वर्णनं केली. पाकोळीला 'ते थुंकीचं पाखरू' म्हणून नाक मुरडलं. हो, तुझ्या पाकोळीला. तीन बायका माझ्या बाजूला आल्या, चार वेंगुर्ल्याच्या बाजूला राहिल्या, आणि मंडळ दोन आठवडे तिथंच अडकलं. भांडणं झाली. शालन म्हणाली, "अक्का, तुला काय त्या गरुडानं पगार दिलाय काय गं?"

तोड काढलीस ती तूच. "तुमच्यात कौल लावत्यात न्हवं? लावूया की. अक्काच्या म्हायेरची देवी हाय. ती सांगंल तिथं जाऊ. माझी ना न्हाय."

शालन म्हणाली, "अगं, तुला चालतंय?"

"मला काय व्हतंय? देवीला काय पाखरं आवडत न्हाईत?"

एवढा विश्वास. माझ्या देवीवर होता की माझ्यावर, कोण जाणे. मी मात्र त्या क्षणी काय विचार करत होते? देवी आपल्याच गावची आहे, सांभाळून घेईल!

शिमग्याच्या आधीचे दिवस. गारगोटीच्या गाडीनं आपण तिघी गेलो, तू, मी आणि वेंगुर्ल्याच्या बाजूनं साक्षीदार म्हणून शालन. माझं माहेर तिथून कोसभर. तात्या गुरव तेव्हा ऐंशीच्या पुढं. मला कडेवर खेळवलेला म्हातारा, डोळ्यांना कमी दिसायचं, हात कापायचे. तू पायरीवर थांबलीस तर तोच ओरडला, "आत ये की गं पोरी! भायेर हुबी ऱ्हाऊन काय दिसतंय?" तू डोक्यावरून पदर घेतलास आणि आत आलीस.

दोन तगरीच्या कळ्या. पाण्यात बुडवून देवीच्या अंगावर चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. जी आधी पडेल ते उत्तर. उजवी पडली तर वेंगुर्ला, डावी पडली तर नेत्राणी. तात्या म्हणाला, "माझा हात थरथरतोय. तू म्हायेरवाशीण, तूच लाव."

माझ्या हातात नैवेद्याचा गूळ होता. घरून ठरवून आणलेली लबाडी नव्हती ती, शपथेवर सांगते. पण ती आयत्या वेळची होती म्हणून लहान झाली, असं मी आजवर स्वतःला सांगत आले, तेही बंद करते. अंगठ्यानं गूळ मऊ केला, उजव्या कळीच्या बुडाला फासला आणि देवीच्या खांद्यावर दाबून बसवली. डावी नुसत्या पाण्यावर.

तात्यानं हात जोडले. "आई, लेकीबाळी दर्याला निगाल्यात. कुटं जायाचं त्ये नीट सांग. घोटाळा करू नगंस बाई."

डावी कळी भराभर घसरली. तात्या म्हणाला, "झालं. डावी." शालन हिरमुसली. आणि तू पुढं झालीस. मान एका बाजूला कलती करून त्या उजव्या कळीकडं बघत राहिलीस. पुस्तक दाबात घालायच्या आधी त्याचा पुठ्ठा नीट बसलाय का बघायचीस, तशी. पुस्तकं बांधणारी बाई तू. पाण्यानं काय चिकटतं आणि कशानं काय चिकटतं, हे जन्मभर हातानं ओळखणारी.

"उजवी लई घट बसलीया," तू म्हणालीस.

मी घंटेकडं बघितलं. देवळात घंटा असते याचं मला इतकं नवल त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

"असू दे," तू म्हणालीस. "देवीची मर्जी. चला, गरुड बघू."

नेत्राणीला आपण गेलो त्याची गोष्ट मी मंडळात कशी सांगते तुला ठाऊक आहे. त्या गोष्टीत मी नावेच्या टोकाला उभी असते आणि वाऱ्यावर माझा पदर उडत असतो. खरं असं, की नाव किनाऱ्यापासून सुटली तशी मी डोलकाठीला मिठी मारली ती परत येईपर्यंत सोडली नाही. ओकून ओकून शेवटी पोटात काही उरलं नाही. तू एका हातानं माझं कपाळ धरून बसली होतीस आणि दुसऱ्या हातात दुर्बीण.

बेट जवळ आलं, तर नुसता उभा कडा. धक्का नाही, वाळू नाही. नाव चालवणाऱ्या तांडेलानं खुणेनं सांगितलं, लाट वर आली की उडी. मला रडूच फुटलं. नावेत नवसाचा बोकड घेतलेले दोघं बापलेक होते. लाट वर आली, बोकड उडाला, खडकावर उभा राहिला आणि मागं वळून माझ्याकडं बघून ओरडला. त्या बोकडाइतका माझा अपमान आजवर कुणी केलेला नाही.

आपल्यातलं कुणीच उतरलं नाही. सगळ्याच घाबरल्या होत्या, म्हणून मी वाचले. तू उतरू शकली असतीस. तू काठावर उभी राहून लाट मोजत होतीस, मी बघितलं. पण मी तुझा पदर धरून ठेवला होता. म्हणून बेटाला नुसती एक फेरी मारली.

"अक्का, वर बघ की! वर बघ! गरुडाच्या पायात साप हाय!"

"मासा असंल," मी खाली मान घालून म्हटलं.

"समुद्राचा साप हाय गं, वळवळतोय बघ!"

"मासा."

वीस वर्षं आपलं हे भांडण चाललं. तू इचलकरंजीहून पत्राच्या शेवटी लिहायचीस, 'ता. क. साप होता.' मी उत्तर द्यायची, 'मासाच.' हमीदा, साप असेल. मी वर बघितलंच नव्हतं. ज्या गरुडासाठी तुझी पाकोळी हिरावून घेतली, तो मी पाहिलेलासुद्धा नाही.

परतताना तू तांडेलाला विचारलंस, वेंगुर्ला कुठल्या बाजूला? त्यानं उत्तरेकडं हात केला. तिकडं काहीच नव्हतं, पाणी आणि ऊन. तू तिकडं थोडा वेळ बघितलंस. मग माझं तोंड ओल्या फडक्यानं पुसलंस. मला वाटलं, आत्ता सांगावं. पण तेवढ्यात पुन्हा मळमळलं. मला नेहमी सोयीचं काहीतरी होतंच.

तू इचलकरंजीला गेलीस. दोन खोल्या, चार पोरं, भिंतीपलीकडं मागांचा खडखडाट. पुढं वेंगुर्ल्याला गाड्या वाढल्या, रस्ता चांगला झाला. मी तुला केव्हाही नेऊ शकले असते. एकदा तू विचारलंसही. दस्तगीरभाईची बंदी एव्हाना सैल झाली होती. तू म्हणालीस, "आता त्यो काय म्हणणार न्हाई. जाऊया काय गं?" मी म्हटलं, लेकीचं लग्न काढलंय. लग्न झाल्यावर म्हटलं, बाळंतपण आहे. तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस. मी भीतीनं टाळलं नाही, हमीदा. किनाऱ्यावर बसून राहिले असते मी, तू गेली असतीस. टाळलं ते यासाठी, की त्या गुहेत उभी राहून तू हरखली असतीस, आणि आपण काय हिरावून घेतलं होतं ते मला डोळ्यांनी बघावं लागलं असतं.

आणि मग त्या मुंग्या. दस्तगीरभाईच्या नसीमच्या लग्नाचा बस्ता बांधायला तुम्ही कोल्हापूरला आला होता. तुला फुफू म्हणणारी ही भाची आत साड्या बघत होती, आपण दोघी बाहेर बाकावर. तू मध्येच म्हणालीस,

"अक्का, त्या कळीला मुंग्या लागल्याल्या."

माझ्या हातातला उसाचा रस तसाच राहिला. "कुठल्या कळीला गं?"

"असंच. आटवलं." आणि तू रस पिऊन गिलास उपडा घातलास. "लई ग्वाड हाय न्हाई?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तू दार उघडून धरलं होतंस, बाई. मी उठून दुकानात गेले आणि म्हटलं, "नसीम, ती हिरवी घे, हिरवी." 

पाखरं बघायला तुला कुणी शिकवलं, असं लोक विचारायचे तेव्हा मी पुढं सरसावून म्हणायची, मी! इंग्रजी मी वाचून दाखवलं हे खरं. पण थांबून बघायचं असतं, पाखरू उडेल असं काही करायचं नसतं, हे तू मला शिकवलंस. मी उडेन म्हणून तू काही केलं नाहीस, हे मला आत्ता कळतंय. एकवीस वर्षं तू मला लव्हाळ्यातल्या पाणकोंबडीसारखी लांबूनच बघत राहिलीस.

तू गेल्याचं मला उशिरा कळलं. माती झाली होती. तिसऱ्या दिवशी जियारतीला आले. आतल्या खोलीत बायका बसलेल्या, कुराणाचं वाचन संपत आलेलं. शेजारचे माग काही थांबले नव्हते, त्यांना कोण थांबवणार? त्यामुळं तुमच्याकडं दुःखाचं बोलणंही मोठ्यानंच करावं लागतं. मला दारात बघून नसीम उठली, गळ्यात पडली आणि मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणाली,

"ह्या अक्का. फुफूला दर्या दावला त्या ह्याच! ह्यांचं मन वेंगुर्ल्याला जायाचं हुतं. पर फुफूला गरुड बघायचा हुता, म्हणून ह्यांनी आपला हट सोडला. फुफू शेवटपतुर सांगत हुती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मागांचा आवाज होता. म्हणून मी विचारलं, "काय म्हणत होती?" नसीमनं पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. कुणीतरी मला चहा दिला. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. डोळे भरून, मायेनं.

आणि हमीदा, मी काय म्हणाले ठाऊक आहे? कप हातात घेऊन, मान जराशी खाली घालून, पुढारीणबाई म्हणाल्या,

"त्यात काय एवढं."

हे तीन शब्द मी त्या घरात बोलले. तुझी खाट अजून भिंतीला उभी करून ठेवलेली होती.

परत येताना गाडीत मी गणित घालत होते. तू असं का सांगितलंस? मग उलगडलं. घरात सगळ्यांना ठाऊक असणार, की तुला एकच जागा बघायची मुभा होती. मग पाकोळी सोडून गरुड कसा, असं कुणीतरी विचारलंच असणार. खरं सांगितलं असतंस, तर दस्तगीरभाईनं माझं नाव त्या घरात घेऊ दिलं नसतं. तुझ्या मैत्रिणीनं तुला तिच्या देवापुढं उभी करून फसवलं, असं सगळ्या मोहल्ल्यात झालं असतं. माझी पत्रं बंद झाली असती. म्हणून तू स्वतःची इच्छाच बदलून टाकलीस. पाकोळी तुझी होती ती माझ्या नावावर केलीस आणि माझा गरुड स्वतःकडं घेतलास. ज्या घरात तू वीस वर्षं सगळ्यांची धुणीभांडी केलीस, त्या घरातल्या एकालाही हे माहीत नाही, की तुला काय हवं होतं. तुझ्याबद्दलची सगळ्यात खरी गोष्ट त्या घरात कुणाला ठाऊक नाही. आणि ती माझ्यामुळं ठाऊक नाही.

काल एक विचार आला, नसीमला आणि तिच्या लेकींना वेंगुर्ल्याला न्यावं. लगेच ओळखलं मी त्या विचाराला. माझाच होता, बूट घालून, दुर्बीण अडकवून निघालेला. म्हणजे पुन्हा सगळ्या म्हणणार, बघा, अक्कांचं मन केवढं मोठं! नको.

तर आता असं ठरवलंय. सकाळच्या गाडीनं इचलकरंजीला जायचं. नसीमला समोर बसवायचं आणि हे सगळं वाचून दाखवायचं, मागांच्या वरताण आवाजात, शेजारच्या बायकांना ऐकू गेलं तरी चालेल. "तुझ्या फुफूला पाकोळी बघायची होती," एवढं आधी सांगायचं, मग बाकीचं. ती काय म्हणेल मला माहीत नाही. तीही तुझ्यासारखीच बघते, पापणी न हलवता. पुन्हा दारात येऊ नका म्हणाली, तर येणार नाही. ते तिनं म्हणायचं आहे, आणि मी ऐकून घ्यायचं आहे.

एवढंच कर हमीदा, या खेपेला माझी बाजू घेऊ नकोस.